रवी वर्मा प्रेसची तसबीर, अनोळखी विक्रेते आणि वेंगुर्ल्याची हवा

तसबीर भिंतीवर लागल्यापासून जो तो विचारतोय, ऑनलाइन कुठून घेतलीस, फसवलं नाही ना कोणी, आणि खरी कशावरून. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, लांबलं तर लांबू दे. मी शोधत होते तेव्हा वाचायला मिळालं ते सगळं मोठ्या शहरातल्या गॅलऱ्या आणि लिलावांबद्दल, यूपीआयवर टोकन मागणारा माणूस, घाटातून येणारं पार्सल आणि जून लागला की भिंतीला फुटणारी ओल याबद्दल कोणी एक ओळ लिहिलेली नव्हती.

आधी हवं काय होतं ते सांगते. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात माजघरात रवी वर्मा प्रेसची लक्ष्मी होती, कमळावर उभी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती, तुम्ही पण कुठे ना कुठे पाहिलेलीच असणार. आमची वाळवीने खाल्ली. बाहेरून फ्रेम धडधाकट दिसायची आणि काढली तेव्हा मागची फळी हातात भुसा होऊन आली, चित्राचा वरचा एक तुकडा तेवढा राहिला. सासूबाईंच्या डोक्यातून ती काही जाईना. घराची डागडुजी झाली, रंग झाला, की परत तेच, "थंय भित मोकळी दिसता गो." तर २०२५ च्या फेब्रुवारीत मी मनावर घेतलं की तशीच एक शोधायची, नवीन छापलेली नको, त्याच काळातली हवी, आणि बजेट पंधरा हजारांच्या आत.

थोडं चित्रांबद्दल सांगावं लागेल, कारण पुढे सगळं त्यावरच अडतं. राजा रवी वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात स्वतःचा लिथोग्राफिक, म्हणजे दगडावरून छपाई करणारा, छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणून. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथल्याच श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. १९७२ मध्ये आगीत जळेपर्यंत तो या ना त्या रूपात होता. म्हणजे "रवी वर्मा प्रेस" असं लिहिलेलं चित्र १८९५ चंही असू शकतं आणि पुष्कळ नंतरचंही, किमतीत फरक पडतो. खालच्या पट्टीत मुंबईचं नाव असेल तर सुरुवातीचं, कार्ला-लोणावळा किंवा मळवली असेल तर नंतरचं, हा ढोबळ हिशोब. ही चित्रं दगडावर छापायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कारागीर हाताने दगडावर ठिपके देऊन छटा काढायचे, आणि वर वार्निश मारायचे म्हणजे तैलचित्रासारखी चमक येते. म्हणून त्याला ओलिओग्राफ म्हणतात. घरोघरच्या बायका मग त्यावर जरी-टिकल्या चिकटवायच्या, लक्ष्मीला खरी कापडी साडी नेसवायच्या. आता तशा सजवलेल्या तसबिरींना वेगळी मागणी आहे.

आणि याच लक्ष्मीची ऑफसेटवर, म्हणजे आजच्या नेहमीच्या छपाई यंत्रावर, छापलेली, कॅलेंडरवरची, पोस्टरवरची अक्षरशः वाट्टेल तेवढी नक्कल बाजारात आहे. नक्कल असण्यात वाईट काही नाही, दोनतीनशे रुपयांना नक्कल म्हणून विकत असतील तर खुशाल घ्या. जुनी म्हणून विकतात तिथे गोची.

पहिला महिनाभर मी काहीही विकत घ्यायचं नाही असं ठरवून नुसतं बघत बसले. जुन्या वस्तूंचे ग्रुप, सेकंडहँडची ॲप्स, लिलाववाल्यांच्या साइटवरचे जुने निकाल. याचा फायदा असा की किमतीचा अंदाज येतो. बऱ्या अवस्थेतली मध्यम आकाराची, साधारण २० बाय १४ इंचाची, लोक आठ-दहा हजारांपासून पुढे मागत होते, सजवलेली असेल तर वीसच्या वर. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला, शिमग्याची गडबड चालू असताना, अडीच हजाराला एक "ओरिजिनल अँटिक" लक्ष्मी दिसली तेव्हाच माझे कान टवकारले.

त्या माणसाला मेसेज केला तर दोन मिनिटांत उत्तर. आपण आर्मीत आहोत, बदली झालीय, सामान काढतोय, आणि न मागता ओळखपत्राचा फोटो. हे लक्षात ठेवा, खरा माणूस सहसा असं न मागता ओळखपत्र पाठवत नाही, आणि ते ओळखपत्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचं तरी असतं. फोटोत तसबीर सुंदर होती. मी तो फोटो गूगल लेन्सला दिला तर तोच फोटो, तीच मागची हिरवी भिंत, परदेशातल्या एका जुन्या लिलावाच्या पानावर. तरी म्हटलं बघू तर खरं, म्हणून सांगितलं की तसबिरीशेजारी एका कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून फोटो काढून पाठवा. त्यावर उत्तर असं की वस्तू पॅक करून युनिटच्या गाडीत चढवलीय, तुम्ही फक्त ११५० रुपये ट्रान्सपोर्ट चार्ज भरा, तो डिलिव्हरीला परत मिळतो. परत मिळणारा चार्ज! मग क्यूआर कोड आला, मग "मॅडम जल्दी" सुरू झालं. सासूबाई शेजारी नारळ खवत बसल्या होत्या, त्यांना ना क्यूआर कळत ना काही, पण नुसत्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "ज्याका घाय आसा तो चोर."

पैसे दिले नाहीत, नंबर ब्लॉक केला. पण तेवढ्यावर सोडायचं नव्हतं म्हणून तक्रार कुठे करायची ते शोधलं आणि इथे लोकांचा गोंधळ होतो म्हणून नीट सांगते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइन नंबरला फोन, लगेच, त्याच तासात, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आली तर येते, आणि सोबत राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. पैसे गेले नसतील, नुसता प्रयत्न झाला असेल, तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर "चक्षू" म्हणून सोय आहे तिथे. त्यात कॉल की मेसेज की व्हॉट्सॲप ते निवडायचं, स्क्रीनशॉट जोडायचा, तारीख-वेळ टाकायची, मग आपल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मला पहिल्यांदा स्क्रीनशॉट अपलोड होईना, आमच्याकडे रेंज गेली की सगळंच बोंबलतं, संध्याकाळी खळ्यात उभी राहून केलं तेव्हा झालं. पुढे काय झालं ते मला कोणी कळवलेलं नाही. सायबर क्राइम पोर्टलवर संशयित नंबर किंवा यूपीआय आयडी टाकून आधी कोणी तक्रार केलीय का ते बघायचीही सोय आहे, त्यानंतर मी प्रत्येक विक्रेत्याचा नंबर तिथे टाकूनच पुढे बोलायचे. अर्थात तिथे काही दिसलं नाही म्हणजे माणूस साधू असं नाही.

मग आंब्याचे दिवस आले, मे महिन्यात कोणाला वेळ, पाहुणे, पेट्या, सगळं. मेच्या शेवटी परत बघायला लागले तेव्हा डोंबिवलीच्या एका निवृत्त काकांची जाहिरात दिसली. नऊ हजार. जुनी कोरीव सागवानी फ्रेम, आत लक्ष्मी, खाली इंग्रजीत प्रेसचं नाव. फोन केला तर काका अगदी घरगुती बोलणारे, "तुम्ही वेंगुर्ल्याच्या का, आमची आत्या शिरोड्याला दिली होती." व्हिडिओ कॉलला तयार, चिठ्ठीसकट फोटो पाठवला, स्वतःचा पत्ता दिला, टोकन नको म्हणाले, कोणाला तरी पाठवा, बघा आणि मग पैसे द्या. माणूस शंभर टक्के खरा.

तसबीर खरी नव्हती.

मला हेच सगळ्यात जास्त सांगायचंय म्हणून इथे जरा थांबते. फसवणूक म्हटलं की आपण फक्त विक्रेत्याला तपासतो, नंबर बघतो, आधार मागतो, बोलण्यावरून पारख करतो, आणि माणूस सज्जन निघाला की वस्तू तपासायचं सोडून देतो. माणूस तपासणं वेगळं आणि चित्र तपासणं वेगळं. काकांना स्वतःलाच माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी ती कुठून तरी आणलेली, घरात कायम "जुनी तसबीर" म्हणूनच ओळखली गेलेली, ते खोटं कशाला बोलतील.

मी त्यांना म्हटलं काका, खालच्या अक्षरांचा अगदी जवळून फोटो द्याल का. त्यांच्या मुलाने मोबाइलला छोटं भिंग धरून काढून दिला. दगडावरून छापलेल्या अक्षरात शाई सलग असते, अक्षराची कड थोडी ओबडधोबड असेल पण आत भरीव. काकांच्या फोटोत "प्रेस" या शब्दातलं प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांचं बनलेलं होतं. म्हणजे काय, तर कोणीतरी जुन्या छापील चित्राचा फोटो काढून तो ऑफसेटवर छापला, त्यात प्रेसचं नाव पण चित्राचाच भाग म्हणून ठिपक्यात आलं. मग लक्ष्मीच्या गालाचा फोटो मागवला. ऑफसेटमध्ये निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चारच रंगांचे ठिपके ठरावीक अंतरावर, शिस्तीत, मधूनमधून फुलासारख्या छोट्या गोलात बसलेले दिसतात. जुन्या दगडी छपाईत तशी शिस्त नसते, ठिपके वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, कारण ते माणसाने दिलेले असतात, आणि एक रंग दुसऱ्यावर केसभर सरकलेला असतो, ओठाचा लाल ओठाच्या बाहेर गेलेला वगैरे. काकांच्या लक्ष्मीच्या गालावर सगळी शिस्तीत बसलेली फुलं.

आता हे त्यांना सांगायचं कसं? मला रात्रभर झोप नाही. सकाळी फोन करून हळूहळू सांगितलं, भिंगातून काय बघायचं तेही सांगितलं. आधी जरा दुखावले, "अहो पण फ्रेम बघा ना, शंभर वर्षांची आहे." फ्रेम खरंच जुनी होती! कधीतरी मूळ चित्र खराब झाल्यावर कोणीतरी फ्रेमवाल्याकडून त्याच चौकटीत नवीन छापील बसवून घेतलं असणार, हे आपल्याकडे सर्रास व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, भिंग घेऊन सगळं बघितलं म्हणाले, आणि जाहिरातीत "जुनी सागवानी फ्रेम, आत नवीन छापील चित्र" असं बदलून किंमत उतरवली. असे लोक आहेत अजून. फ्रेम घेता का असं विचारलं मला, पण आकार मोठा होता.

या प्रकरणानंतर मी दोन वस्तू घेतल्या. एक दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं, ऑनलाइन दीडशेला मिळालं. दुसरा नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च, अडीचशे. त्याचं कारण असं की साधारण १९५० नंतरच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायनं घालायला लागले, तो कागद अंधारात यूव्हीखाली निळसर पांढरा झगझगतो. त्याआधीचा कागद तसा झगझगत नाही, मंद पिवळट किंवा मातकट दिसतो. चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा करणारे असतात, त्यांचा चहा या टॉर्चपुढे टिकेलच असं नाही. पण उलटं धरून चालू नका, न झगझगणारे आजचे कागदही असतात, म्हणून झगझगला तर नवा हे नक्की, नाही झगझगला तर भिंग काढायचं.

जुलैत पुण्यातली जाहिरात आली. वाडा पाडून बिल्डिंग होणार होती, त्या घरातल्या ताई वस्तू काढत होत्या. मागणी चौदा हजार. यावेळी मी सगळं क्रमाने केलं. फोटो लेन्सला टाकला, दुसरीकडे कुठे नाही. नंबर पोर्टलवर टाकला. चिठ्ठीसकट फोटो मागितला, तो आला तो रात्री उशिरा, ट्यूबलाइटच्या उजेडात, तिरका, मागे गाद्यांचा ढीग, मला तर तो फोटो बघूनच निम्मा विश्वास बसला कारण दिखाऊ काही नव्हतं. मग विचारलं की तसबीर घरात कधीपासून, कुठे लावलेली, कोणी आणली. या प्रश्नाला खोटा माणूस एकतर फार छान गोष्ट सांगतो नाहीतर चिडतो. ताई म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून देवघराबाहेर आहे, त्याआधीचं सासूबाईंना माहीत असेल, त्या गेल्या." बस.

मग जवळचे फोटो. अक्षरं भरीव. गालावर वेडेवाकडे ठिपके. खालची पट्टी मात्र कधीतरी फ्रेममध्ये बसवताना कापलेली, त्यामुळे प्रेसचं नाव अर्धंच आणि गावाचं नाव गायबच, म्हणजे काळ ठरवता येत नाही. उजवीकडे खाली पाण्याचा ओघळ, डावा कोपरा फाटलेला, कागदावर तपकिरी ठिपके. आणि साडीच्या काठाला जरी चिकटवलेली, अर्धी उडालेली, जिथून उडाली तिथे जुन्या खळीचे डाग. हे दोष मी एकेक करून ताईंना मेसेजमध्ये लिहून पाठवले, त्यांनी "हो बरोबर" म्हणून उत्तर दिलं. हे मुद्दाम लिखित घ्या. नंतर "हे आधी नव्हतं" किंवा "तुम्हीच फाडलंत" हा वाद राहत नाही. भाव करताना पण उपयोग होतो, अकरा हजारावर ठरलं.

कुरिअरचं मी आधी विचारून बघितलं. एकतर काच म्हटली की "तुमच्या जबाबदारीवर." दुसरं म्हणजे ते वजन आकारावर धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये आणि भागिले ५०००. आमचं पार्सल पॅकिंग धरून ६५ बाय ५० बाय १२, म्हणजे ७.८ किलो, खरं वजन तीनसुद्धा नाही. पोस्टाने विमा उतरवून पाठवता येतं, ते मला जास्त पटत होतं, पण गुंडाळी करून पीव्हीसी पाइपमध्ये घालून पाठवा असं जे बरेच जण सुचवतात ते ओलिओग्राफला अजिबात चालत नाही, वरचं जुनं वार्निश तडकतं. नवीन पोस्टर असेल तर खुशाल गुंडाळा.

शेवटी आमचे भावजी कामाला आले. धाकटे दीर पुण्यात हडपसरला असतात आणि गणपतीला येणारच होते, चतुर्थी २७ ऑगस्टला. त्यांना भिंग आणि टॉर्च आधीच एका ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून पाठवून दिले. ते म्हणाले, "वैनी, मी तसबीर बघूक जातंय की धाड टाकूक?" पण गेले बिचारे, खोलीत अंधार करून टॉर्च मारला, कागद झगझगला नाही, पाठ बघितली, पाठीला जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा चिकटलेला, मोडीत कोणीतरी पेन्सिलीने काहीतरी आकडे लिहिलेले. मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

पैशाचं असं केलं. भावजी जायच्या आधी हजार रुपये टोकन यूपीआयने, तेही ताईंच्याच नावाच्या खात्यात. पैसे पाठवताना बँकेत नोंदलेलं नाव स्क्रीनवर दिसतं, ते आणि माणसाने सांगितलेलं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा, "भावाचं खातं आहे", "ऑफिसचं आहे" असल्या गोष्टी ऐकू नका. आणि कोणी म्हणालं की पैसे तुम्हाला मिळण्यासाठी कोड स्कॅन करा, पिन टाका, तर फोन ठेवून द्या, पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. उरलेले दहा हजार भावजींनी तसबीर हातात आल्यावर तिथेच बसून ट्रान्सफर केले. मग साध्या कागदावर पावती: दोघांची नावं, पत्ते, तारीख, चित्राचं वर्णन आणि माप, दोष, रक्कम, दोन्ही व्यवहारांचे यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), "ही वस्तू माझ्या मालकीची असून विकत आहे" हे वाक्य, आणि सही. ताईंना आधी जरा विचित्र वाटलं, पण लिहून दिलं, उलट म्हणाल्या की मला पण एक प्रत ठेवू दे.

पावतीचं अजून एक कारण आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो. घरातली एखादी तसबीर विकणाऱ्या ताई काही धंदेवाल्या नाहीत, पण उद्या कोणी विचारलं की ही आली कुठून तर कागद हवा. माझी चुलत नणंद दुबईहून "मला पण एक पाठव ना" म्हणत होती, तिला हेच सांगितलं. रवी वर्म्यांनी स्वतः रंगवलेली मूळ चित्रं तर १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर आहेत. माझं छापील आहे, तरी नसत्या भानगडी नकोत.

पॅकिंग: फ्रेम आणि काच पुण्यातच काढली, चित्र मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं ते तसंच ठेवलं, ओढून सोडवायचं नाही. वर बटर पेपर, दोन्ही बाजूंनी हार्डबोर्ड, कडा सुतळीने, मग प्लास्टिक. गाडीत मागच्या सीटवर आडवं, त्यावर काही ठेवायचं नाही असा मी दम दिलेला. आजरा-आंबोली मार्गे आले, आंबोलीत धो धो पाऊस आणि धुकं, पोचायला रात्र झाली. गणपतीचं सामान, मुलं, मोदकाचे साचे यातून ते पार्सल आधी बाहेर काढलं. उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढला, घरचा माणूस घेऊन आला तरी. कुरिअरने येत असेल तर हा व्हिडिओ हवाच, पार्सल सगळ्या बाजूंनी दाखवून, न थांबवता, न कापता, नाहीतर तक्रार कोणी ऐकत नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मला वाटलं डोळ्यांत पाणीबिणी येणार. त्या म्हणाल्या, "हत्ती तोच. पण आमच्या लक्ष्मीचो हात असो काळो पडलेलो नाय होतो. कितके दिलंस?" मी आकडा सांगितला नाही.

सगळ्यांना वाटलं की आता गणपतीत भिंतीवर लागणार. नाही लावली. ऑगस्टच्या हवेत कागदाने आधीच ओल घेतलेली असते, ती काचेमागे बंद केली की आत बुरशी धरते. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांवर पण बुरशी येते, कागदाचं काय घेऊन बसलात. म्हणून चित्र लोखंडी कपाटात आडवं, हार्डबोर्डमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऑक्टोबरात हवा कोरडी होऊ लागली तशी सावंतवाडीच्या फ्रेमवाल्याकडे.

फ्रेमवाल्याशी आधी बोलून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडच्या फ्रेमवाल्यांचा आवडता उपाय म्हणजे लॅमिनेशन. माझं चित्र बघून पहिलं वाक्य तेच, "मॅडम, लॅमिनेट करून टाकू, आयुष्यभर टेन्शन नाही." जुन्या कागदाला लॅमिनेशन म्हणजे कायमचा शेवट. सेलोटेप पण नाही, फाटलेल्या कोपऱ्याला सुद्धा नाही. आम्ल नसलेला माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती बसवायचा जाड पुठ्ठा, इकडे मिळत नाही, मी ऑनलाइन मागवून त्यांना नेऊन दिला, ९०० रुपये. काच चित्राला टेकू द्यायची नाही, मध्ये माउंटची जाडी राहिली पाहिजे, नाहीतर ओल आली की वार्निश काचेला चिकटतं. मागे प्लायऐवजी पुठ्ठाच, आणि कडेला कागदी टेप म्हणजे कसर आत शिरत नाही. ते ऐकून घेणारे होते म्हणून बरं, मजुरी आणि फ्रेम मिळून १८५० झाले. फाटलेल्या कोपऱ्यासाठी मुंबईतल्या एका संवर्धन करणाऱ्यांना फोटो पाठवले होते, त्यांनी सांगितलेला खर्च चित्राच्या किमतीपेक्षा जास्त, आणि तेच म्हणाले की स्थिर आहे, हात लावू नका. माउंटखाली तो कोपरा झाकला गेला.

लावताना पश्चिमेची भिंत टाळली. जांभ्याची बाहेरची भिंत पाऊस पिते, तिच्यावर काहीही लावलं की पाठ ओली. आतल्या भिंतीवर, दाराच्या उजेडापासून लांब, आणि फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागे रबराची बुचं, म्हणजे भिंत आणि तसबीर यात हवा खेळते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी लागली.

एकूण खर्च विचारतात म्हणून: चित्र ११०००, भिंग आणि टॉर्च ४००, माउंट ९००, फ्रेम १८५०, आणि पॅकिंगच्या सामानाचे पैसे भावजींनी देऊ दिले नाहीत. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, उतरवून पाठ बघायची असं ठरवलंय. भिंग आणि टॉर्च आता माझ्या कामाचे नाहीत, सिंधुदुर्गात कोणाला तसबीर बघायची असेल तर घेऊन जा, टॉर्चचे सेल मात्र आपले आपण आणा, भावजींनी पुण्यात सगळे संपवलेत.